व्हायवात 'ट्रायसेप्स' म्हणालो त्याची गोष्ट

पहिल्या वर्षाच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी टेबलावरचं जाडजूड पुस्तक माझ्या उजव्या हातात दिलं, कोपर काटकोनात वाकवायला लावलं आणि म्हणाले, "आता हे अगदी सावकाश खाली ने. कोपर सरळ होतंय ना? मग कोणता स्नायू काम करतोय?"

कोपर सरळ करतो तो ट्रायसेप्स, हे माझं तोंडपाठ. ठणकावून सांगितलं. सर म्हणाले, "डाव्या हातानं दंड चाचपून बघ." बघतो तर मागचा ट्रायसेप्स मऊ, ढिला आणि पुढचा बायसेप्स दगडासारखा. पुस्तक खाली न्यायचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करत होतं. बायसेप्स आणि त्याच्याखालचा ब्रॅकिॲलिस वजन धरून ठेवत थोडं थोडं सोडत होते. लांब होता होता ताण धरणं, म्हणजे एक्सेंट्रिक आकुंचन. व्याख्या मला शब्दन् शब्द येत होती, पण तीच गोष्ट माझ्या दंडात चालू असताना ओळखता आली नाही.

मेडिकल असो, फिजिओथेरपी असो की नर्सिंग, नव्यानं शरीररचना शिकणाऱ्या प्रत्येकासमोर सहाशेहून जास्त कंकाल स्नायू आणि चार रकान्यांचा तक्ता येतो: ओरिजिन (स्नायू कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे चिकटतो), नर्व्ह सप्लाय (कोणता मज्जातंतू त्याला चालवतो), ॲक्शन (तो काय करतो). मी चारही रकाने घोकले आणि तोंडावर आपटलो. माझं मत विचाराल तर चौथा रकाना पाठ करूच नका. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. तो कोणता सांधा ओलांडतो आणि कुठल्या बाजूनं, एवढं कळलं की ॲक्शन आपोआप निघते.

बायसेप्सच बघा. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, रेडिअस या अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्याला चिकटते. तळहात पालथा केला की रेडिअस फिरतं, उंचवटा मागे जातो आणि कंडरा हाडाभोवती गुंडाळली जाते. आता ती ओढली तर आधी काय होणार? गुंडाळी सुटणार, म्हणजे हात उताणा होणार. कोपर वाकवून, दंडावर दुसरा हात ठेवून पालथा तळहात जोरात उताणा करा. कोपराचा कोन तसाच राहतो, तरी बायसेप्स टणक होतो. ब्रॅकिॲलिस मात्र अल्नाला, म्हणजे करंगळीकडच्या हाडाला, चिकटतो आणि तळहात उलटसुलट करताना अल्ना काही रेडिअससारखं फिरत नाही. त्यामुळे तळहात कसाही असला तरी ब्रॅकिॲलिसची ओढ तीच. कोपर वाकवणारा खरा कामगार तो. बाही वर सारून लोक दाखवतात तो बायसेप्स. राबणारा खाली दडलेला, वर मिरवणारा वेगळाच!

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकतात तिथे, तर हे फारच सोपं होतं. बायसेप्स बोटानं अलगद उचलला की त्याच्या आणि ब्रॅकिॲलिसच्या मध्ये पांढुरकी दोरी दिसते, ती मस्क्युलोक्युटेनिअस नर्व्ह. ती मागे वर शोधत गेलात तर कोरॅकोब्रॅकिॲलिस या दंडातल्या तिसऱ्या स्नायूच्या आरपार आलेली सापडते. तीन स्नायू, एक नर्व्ह, एकाच वाटेवर. ही वाट मी एकदा बोटानं चाचपली, त्यानंतर या तिघांचा नर्व्ह सप्लाय पुन्हा वाचावा लागला नाही. म्हणून स्नायू एकेकटे न करता नर्व्हच्या गटानं करा. पाठीच्या खोलातल्या बारक्या स्नायूंवर पहिल्याच महिन्यात जीव टाकू नका.

फिजिऑलॉजीचा, म्हणजे शरीर कसं चालतं त्याचा, भाग कोरडा वाटतो. स्नायू, त्यात तंतूंचे जुडगे, जुडग्यात तंतू, तंतूत मायोफायब्रिल नावाचे बारीक धागे, आणि स्नायू, जुडगा, तंतू यांना आपापलं आवरण; हे एका आकृतीत आटपतं. वेळ द्यायचा तो सार्कोमिअरला, म्हणजे मायोफायब्रिलमधल्या आकुंचन पावणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याला. याची लांबी जेमतेम 2 ते 2.5 मायक्रोमीटर. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत थोडी अडकवा आणि आत सरकवा. बोटं तेवढीच राहतात, तळवे जवळ येतात. सार्कोमिअरमधल्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या धाग्यांचंही असंच, म्हणून ए बँडची (मायोसिनचा पट्टा) रुंदी बदलत नाही आणि आय बँड (नुसत्या ॲक्टिनचा पट्टा) अरुंद होतो. हे 1954 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंधांतून मांडलं गेलं: एक अँड्र्यू हक्स्ले आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्स्ले एकमेकांचे कुणी लागत नव्हते. परीक्षेत मी दोघांचा एकच माणूस करून टाकला होता.

आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि घट्ट मूठ आवळून बघा. आवळली जात नाही. बोटं वाकवणारे स्नायू मनगट ओलांडून येतात. मनगट वाकल्यामुळे ते आधीच आखूड झालेले असतात, सार्कोमिअरमध्ये सरकायला फारशी जागा उरलेली नसते. शिवाय हाताच्या मागचे स्नायू ताणून ताणून संपलेले. शरीररचना आणि फिजिऑलॉजी हे दोन वेगळे पेपर आहेत हा माझा समज इथे मोडला.

आणखी एक चूक बहुतेक जण करतात, मीही केली. नर्व्हच्या टोकाला ॲसिटाइलकोलीन हे रसायन सुटतं, विद्युत लहर तंतूच्या आत उतरते, तंतूतल्या साठ्यातून कॅल्शिअम बाहेर येतं, ते ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, वाट अडवणारं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि मायोसिन ॲक्टिनला पकडतं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. 'एटीपी (पेशीचं इंधन) कशाला लागतं?' विचारलं की उत्तर येतं, ओढायला. पण पकड सोडवायलाही एटीपीच लागतं. मृत्यूनंतर ते संपतं, पकडी सुटत नाहीत आणि शरीर ताठरतं. हे लक्षात ठेवलं तर अख्खं चक्र उलटं चालत जाऊन मांडता येतं.

आणि पुस्तकातली आकृती आपल्या अंगावर सापडली नाही तर घाबरू नका. अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट किंचित वाकवलं की मधोमध पामॅरिस लाँगसची कंडरा उठते. बऱ्याच जणांना हा स्नायू जन्मतःच नसतो आणि त्यावाचून काही अडतही नाही. माझ्या उजव्या मनगटात ती दोरीसारखी दिसते. डाव्या मनगटात शोधण्यात मी व्हायवाच्या आदली अख्खी संध्याकाळ घालवली होती.