शिडाच्या बोटीचं वायरिंग: आधी सुतळी, मग वायर

मांडव्याहून परत येताना अंधार पडला आणि नेमके तेव्हाच आमचे लाल-हिरवे दिवे गेले, समोरून कंटेनर जहाज येतंय आणि आपण बिनदिव्याचे, काय अवस्था झाली असेल बघा. मोबाइलच्या उजेडात पॅनल उघडला तर आत नुसत्या शेवया, सगळ्या वायरी लाल, आणि एका जोडाला पीळ मारून गुंडाळलेला टेप उन्हाने चिकट झालेला. खरी दुरुस्ती दोन मिनिटांची, जोड शोधण्यातच वीस मिनिटं गेली. तेव्हापासून माझं गणित एकच, ओल्या हाताने अंधारात वायर सापडली पाहिजे.

काम पावसाळ्यात काढा, बोट तशीही वर काढून ताडपत्रीखाली असते.

पहिल्या दिवशी वायर विकत घेऊच नका. वहीत प्रत्येक वस्तू किती अँपिअर घेते ते लिहा, मग बॅटरीपासून पॅनलमार्गे त्या वस्तूपर्यंत सुतळी लावा, म्हणजे वायर खरंच जिथून जाणार तिथूनच, कोपरे वळणं सगळं धरून, आणि मोजा. हे माप दुप्पट करा कारण करंट जातो तसा परत पण येतो, इथेच बहुतेक जण चुकतात. आमचा व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा वायरलेस) बोलताना ६ अँपिअर घेतो, सुतळी भरली ४ मीटर, म्हणजे वायर ८ मीटर. ८ गुणिले ०.०१७५ (हा तांब्याच्या रोधाचा आकडा), भागिले वायरचे स्क्वेअर एमएम, गुणिले अँपिअर. दीड एमएमला ०.५६ व्होल्ट वाटेतच पडतात, म्हणजे वाया जातात, अडीचला ०.३४. दिवे आणि रेडिओला ३ टक्क्यांच्या आत राहायचं, १२ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६, मग अडीचच घ्यायची. केबिनच्या पंख्याला १० टक्के चालतात.

लोहार चाळीत गेलात की पटकन घरगुती वायर हातात देतील, स्वस्त पण पडते. पण साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडत जातं, वरून कव्हर चकाचक. टिन्ड कॉपर, म्हणजे कथिल चढवलेलं तांबं मागा. आजी पितळेच्या भांड्यांना कल्हई का करून घ्यायची, तेच इथे. आणि मल्टिस्ट्रँडच, एकच जाड तार असलेली हादऱ्यांनी तुटते.

निगेटिव्हला मी पिवळी वायर वापरतो. काळी घरात न्यूट्रल असायची, उद्या जेटीवरून २३० व्होल्ट घेतलेत तर गोंधळ नको.

मेन फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत, एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या मानकात ७ इंच आहे. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो, म्हणून त्याचा आकडा वायर बघून ठरवा. बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) फ्लोट स्विचला, म्हणजे पाणी वाढलं की तरंगून पंप सुरू करणाऱ्या स्विचला मात्र बॅटरीवरून थेट लाइन द्या, त्याचा फ्यूज वेगळा, मेन स्विच बंद करून घरी गेलात तरी पंप चालू राहायला हवा.

जोडाला सोल्डर नको, सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि तिथूनच मोडते. वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवायला चांगलं रॅचेटचं क्रिम्पिंग टूल घ्या (पकडीने दाबलेला लग मी दोनदा हातात घेऊन बसलोय), त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. मग वायर जोरात ओढून बघा, आत्ता निघाली तर बरंच. दोन्ही टोकांना नंबर, दर दीड फुटाला क्लॅम्प. वस्तूजवळ पोचायच्या आधी वायरला खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकून जातं. कंपासजवळून वायर न्यावीच लागली तर प्लस-मायनस एकमेकांना पिळून न्या, नाहीतर दिवा लावला की सुई हलते.

आणि पाइपात वायर ओढताना सोबत एक रिकामी दोरी ओढून आतच ठेवा, नायलॉनची, सुतळी कुजते. पुढच्या वर्षी घरातलं कोणीतरी सोलर लावू म्हणणारच.