सॅन अँटोनिओची मिशने पाहताना: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

टेक्सासमध्ये मुलांकडे राहायला गेलेले मुंबईकर आई-वडील सॅन अँटोनिओला पोहोचले, की बहुधा अलामो या जुन्या मिशनासमोर छायाचित्र काढून परततात. स्पॅनिश मिशन म्हणजे नेमके काय, हे मात्र तेथे उमगत नाही, कारण टेक्सासच्या मेक्सिकोविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातील १८३६ च्या लढाईच्या आठवणीखाली त्या वास्तूची मूळ ओळख झाकली गेली आहे. म्हणून अलामो शेवटी ठेवावे आणि सकाळी लवकर, शहराच्या दक्षिणेकडील सॅन होसे या मिशनापासून सुरुवात करावी.

१७२० मध्ये स्थापन झालेल्या या मिशनात चर्च, धान्याचे कोठार आणि तटाला लागून असलेल्या खोल्यांच्या ओळी एकाच आवारात आहेत. ते पाहिल्यावर ध्यानात येते, की मिशन हे केवळ प्रार्थनास्थळ नव्हते; स्थानिक आदिवासींना ख्रिस्ती करून, शेती आणि विणकाम शिकवून स्पेनच्या राजाची प्रजा बनवण्यासाठी वसवलेले ते तटबंद गाव होते. तटाचा बराचसा भाग १९३० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे, एवढे लक्षात ठेवावे.

तेथून एस्पादा या मिशनाला जावे. तेथील चर्च लहान आहे. पण १७४० च्या दशकात ओढ्यावरून दगडी कमानींच्या आधाराने नेलेला पाट आजही वाहतो, आणि माझ्या मते साऱ्या सहलीत पाहण्याजोगे हेच. परतताना सॅन हुआन हे मिशन धावते पाहिले तरी चालेल. कन्सेप्सिओन या मिशनात मात्र १७५५ च्या चर्चमधील भिंतींवरचे जुने रंग निरखण्यासाठी वेळ ठेवावा.

अलामो वगळता चारही चर्चमध्ये आजही उपासना चालते, त्यामुळे रविवारी प्रार्थनेच्या वेळी आत हिंडता येत नाही. या चार मिशनांच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे. नदीकाठी पायवाट असली तरी ज्येष्ठांनी मोटारच घ्यावी. उन्हाळ्यात पारा पस्तिशीपार जातो, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीऐवजी ऑक्टोबरनंतर जाणे बरे.

निघण्यापूर्वी एक सकाळ वसईच्या किल्ल्यात घालवावी. तो पोर्तुगीजांचा, स्पॅनिशांचा नव्हे. परंतु तेथे फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचे अवशेष आहेत, आणि टेक्सासमधील ही मिशनेही त्याच पंथाच्या साधूंनी चालवली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा एस्पादा, सॅन हुआन आणि कन्सेप्सिओन सॅन अँटोनिओ नदीकाठी येऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती.