महाभियोगाची बातमी कशी वाचावी

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या नियुक्तीत संसदेला कोणतेही स्थान नाही. त्याला पदावरून दूर करणे, म्हणजेच महाभियोग, मात्र संसदेवाचून अशक्य आहे. सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश यांचे न्यायवृंद, म्हणजेच कॉलेजियम, नावाची शिफारस करते आणि राष्ट्रपतींच्या सहीने नियुक्ती होते. ही पद्धत बदलण्यासाठी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग न्यायालयानेच २०१५ मध्ये रद्द ठरवला. वयाच्या ६५ व्या वर्षी न्यायाधीश निवृत्त होतो आणि त्यानंतर त्याला भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही.

महाभियोगाची नोटीस दिल्याचे वाचले, की प्रथम सह्या मोजाव्यात: लोकसभेत किमान १००, राज्यसभेत किमान ५० सदस्यांच्या लागतात. पुढे ती अध्यक्षांनी किंवा सभापतींनी स्वीकारली का, हे पाहावे, कारण बराच गाजावाजा झालेली नोटीसही येथेच संपू शकते. २०१८ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस राज्यसभेच्या सभापतींनी फेटाळली होती. स्वीकारलेल्या नोटिशीवर न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८ नुसार त्रिसदस्यीय समिती चौकशी करते. गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाली नाही, असा तिचा निष्कर्ष असल्यास प्रकरण तेथेच मिटते.

मतदानाच्या बातमीत सर्वाधिक गल्लत होते. केवळ दोन-तृतीयांश मते मिळाली का, एवढेच पाहून चालत नाही. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांशाबरोबरच सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही आवश्यक असते, म्हणजे ५४३ सदस्यांच्या लोकसभेत किमान २७२ मते. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना समितीने दोषी ठरवले होते. १९९३ मध्ये लोकसभेत त्यांच्याविरुद्धच्या प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही पडले नाही, तरीही तो फेटाळला गेला, कारण २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि दुसरी अट पूर्ण झाली नाही. न्यायाधीशाला वाचवण्यासाठी त्याच्या बाजूने उघडपणे मत देण्याचीही गरज नसते, हे या तरतुदीतले खरे मर्म आहे, असे मला वाटते.

एका सभागृहाची मंजुरी पुरेशी नसते. दोन्ही सभागृहांनी एकाच अधिवेशनात प्रस्ताव मंजूर केल्यावरच राष्ट्रपती आदेश काढतात. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही हीच प्रक्रिया लागू आहे. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव २०११ मध्ये राज्यसभेत मंजूर झाला, पण लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.