क्रॉस कंट्रीची वेळ वाचताना या चुका टाळा

क्रॉस कंट्री म्हणजे गवत, चिखल आणि चढउतारांवरून धावायची शर्यत. गेल्या शर्यतीत ५ किलोमीटर २१:१०, पंधरा दिवसांनी २०:३०. आनंद होणारच. पण हे ४० सेकंद पायांनी कमावले की मार्गाने दिले, ते आधी तपासा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फलकावरचं ‘५ किमी’ डोळे झाकून मानणं. रस्त्यावरच्या प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलला मोजणी यंत्र लावून मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. क्रॉस कंट्रीत अनेकदा कुणीतरी मोजचाक ढकलत फेरी मारतो. चाक ढेकळांवर चढतं-उतरतं, ढकलणारा नागमोडी चालतो. आकडा फुगतो, मार्ग मात्र आखूड राहतो. त्यात धावणारे वळणं आतून घेतात. किलोमीटरला चार मिनिटं या वेगाने १०० मीटर कमी भरले, तर २४ सेकंद फुकटात मिळाले!

एकट्या घड्याळाच्या जीपीएसवर हा वाद मिटवू नका. झाडीत आणि आखूड वळणांवर ते चुकतं. दहा-बारा घड्याळं एकाच बाजूला झुकली, तर मात्र शंका घ्या.

चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो, हाही गैरसमजच. तो पूर्ण कधीच परत येत नाही. तीव्र उतारावर पाय स्वतःला आवरण्यातच खर्ची पडतात. २०१९ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत मार्ग एका संग्रहालयाच्या गवताळ, उतरत्या छपरावरून नेला होता. १० किलोमीटरहून जरा जास्त अंतराला विजेत्या, युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईला ३१:४० लागले. पुढच्याच वर्षी त्याने ट्रॅकवर १०,००० मीटर २६:११ मध्ये धावून विश्वविक्रम केला. माणूस तोच!

चिखलाचंही तेच. पहिल्या गटाला मिळालेली जमीन शेवटच्या गटाला मिळत नाही. तोवर वळणांची गवताची साय निघालेली असते आणि बुटाला दर पावलागणिक चिखलाचा थर चढतो.

मग तुलना करायची कशी? दोन्ही शर्यती धावलेले पंधरा-वीस जण निवडा, प्रत्येकाच्या वेळेतला फरक काढा, ते फरक क्रमाने लावून मधला घ्या. तो ३५ सेकंद आला, तर तुमच्या ४० पैकी ५ तुमचे. शर्यतींत दोन-तीन आठवड्यांहून जास्त अंतर नको, नाहीतर सगळ्यांच्या सरावाचा फायदाही मार्गाच्या खात्यात जमा होतो. आणि वहीत वेळेशेजारी जमीन, पाऊस, चढ आणि आपला क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर उतराल तेव्हा ही नोंद लागेल.