लाईट गेली की कॉम्प्युटर आपोआप नीट बंद व्हावा यासाठी यूपीएस कसा सेट करायचा

बऱ्याच घरांत आणि दुकानांत यूपीएस असतो, पण तो फक्त लाईट गेल्यावर पी पी करायला. आपण जागेवर असलो तर धावत जाऊन शटडाऊन करतो, नसलो तर दहा-पंधरा मिनिटांनी बॅटरी संपते आणि मशीन धाडकन बंद. म्हणजे पैसे खर्च करून मरण फक्त थोडं पुढे ढकललं. टॅलीत एंट्री चालू असताना किंवा विंडोज अपडेट होत असताना असं झालं तर डेटा खराब व्हायची भीती असतेच.

खरं काम करते ती लाईट गेल्याचं कॉम्प्युटरला कळवणारी एक यूएसबी केबल, जी बहुतेक वेळा खोक्यातच पडून राहते.

१. आधी यूपीएसच्या मागे बघा. चौकोनी यूएसबी पोर्ट आहे का (प्रिंटरला असतो तसा)? काही कंपन्या त्याजागी फोनच्या सॉकेटसारखा पोर्ट देतात, त्याला त्यांचीच केबल लागते. ६०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची क्षमता) स्वस्त मॉडेलना बऱ्याचदा हा पोर्टच नसतो, त्यामुळे नवीन घेताना दुकानदाराला हे आधी विचारा, बाकी गप्पा नंतर. आणि ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे हं, साधारण ३६० वॅट असतात, वॅटचा आकडा वेगळा छापलेला असतो तो बघायचा.

२. यूपीएसवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि राउटर. लेझर प्रिंटर चुकूनही नको, तो गरम होताना एवढा करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडेल. नवीन यूपीएस आधी सहा-आठ तास चार्ज होऊ द्या.

३. केबल जोडा. विंडोजमध्ये घड्याळाजवळ लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह आलं की समजा ओळख पटली. नाही आलं तर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावं लागेल, एपीसीचं पॉवरशूट तसंच आहे.

४. आता मुख्य सेटिंग. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात बॅटरी. क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन (बॅटरी संपत आली की मशीनने काय करायचं ते) हायबरनेट करा. हायबरनेटमध्ये उघड्या फाईली जशाच्या तशा डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, सेव्ह न केलेलं कामसुद्धा परत मिळतं. स्लीप नको, त्यात रॅमला करंट लागतच राहतो आणि बॅटरी संपली की काम गेलंच. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर शटडाऊन ठेवा.

क्रिटिकल लेव्हल, म्हणजे किती टक्के उरल्यावर हे करायचं, ती बहुतेक वेळा ५ टक्के किंवा त्याच्या आसपास असते, लॅपटॉपसाठी ते ठीक आहे. यूपीएसची जुनी बॅटरी ४० वरून एकदम शून्यावर येते, म्हणून मी तर सरळ ५० ठेवा म्हणेन, आणि लो बॅटरी लेव्हल (इशारा देण्याची) त्याच्या वर, ६०-७०. यूपीएस काम करत बसायला नसतोच, नीट बंद करायला असतो.

लिनक्सवाल्यांसाठी याच कामाची नट किंवा एपीसीयूपीएसडी ही सॉफ्टवेअर आहेत. एपीसीयूपीएसडीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलमध्ये किती टक्के आणि किती मिनिटं उरल्यावर बंद करायचं ते दोन्ही देता येतं, जे आधी होईल ते लागू. तिथेही मूळ ५ टक्के आणि ३ मिनिटं आहेत, ती वाढवा.

५. टेस्ट केल्याशिवाय सोडू नका. सगळं सेव्ह करा, एखादी फालतू फाईल उघडी ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, अर्थिंग पण जाते. मग हात न लावता बघत बसा, किती मिनिटं टिकतं आणि आपोआप बंद होतं का.

ज्यांच्याकडे घराचा इन्व्हर्टर आहे ते म्हणतील आम्हाला हे कशाला. एक तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का बघा, मागे बटण असतं. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून मशीन रीस्टार्ट होतं. दुसरं म्हणजे साधा इन्व्हर्टर कॉम्प्युटरला काही कळवत नाही, महावितरणचं दिवसभराचं मेंटेनन्स असलं की दुपारी तुम्ही बाहेर असताना तो गपकन बसतो. त्याच्यापुढे छोटा यूपीएस लावता येतो, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा (घरच्या लाईटसारखाच करंट देणारा) हवा, स्क्वेअर वेव्ह असेल तर यूपीएस ती लाईट धरतच नाही आणि सारखा बॅटरीवर जातो.

बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते, उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलात तर त्याहून कमी. आत बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) असते. बदलताना यूपीएस बंद, प्लग काढलेला, लाल वायर लालला आणि काळी काळीला. जुनी कचऱ्यात टाकू नका, शिसं असतं, दुकानदार ती परत घेऊन थोडे पैसे कमी करतो. आणि नवी बसवली की पाचवी पायरी पुन्हा करा.