रंगाच्या आधी फटी भरताना: कुठं लांबी (पुट्टी), कुठं सीलंट आणि कुठं काहीच नको

रंगाचं काम काढलं की घरातले सगळे आधी शेड कार्ड घेऊन बसतात, हॉलला कुठला, बेडरूमला कुठला, आणि फटींचं काय असं पेंटरला विचारलं तर तो म्हणतो, "लांबी मारून सोडतो की ओ, काय दिसत नाही." खरंच दिसत नाही, पण दिवाळीपुरतंच. शिमगा जवळ आला की चौकटीच्या कडेनं तीच बारीक काळी रेघ परत वर येते आणि आपण कंपनीच्या रंगाला शिव्या घालत बसतो. रंगाचा यात काही संबंध नसतोय.

आपल्या बेळगावकडं जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली असते की सागवान असू दे नाहीतर मत्ती म्हणजे ऐनाचं लाकूड, चौकट फुगतेच, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत परत आकसते. भिंत मात्र जागची हलत नाही. लांबी, म्हणजे व्हाइट सिमेंटची पुट्टी, वाळली की कडक होऊन बसते, तिला ताण सहन होत नाही, मग ती नेमकी लाकूड आणि गिलावा मिळतो तिथंच सुटते. म्हणून एवढं एकच बघायचं, सांधा हलतोय की नाही. हलणाऱ्या सांध्याला रबरासारखं ताणलं जाणारं अॅक्रिलिक सीलंट, न हलणाऱ्या खड्ड्याला लांबी. खिळ्याची भोकं, गिलाव्याचे टवके, पाईप बसवताना फोडलेली भिंत, हे सगळं लांबीचं काम, तिथं सीलंट घालून पैसे घालवू नका, शिवाय ते पॉलिश पेपरनं घासता येत नाही, नुसतं रबरासारखं ओढलं जातं.

हलणारा सांधा कसा ओळखायचा? दोन वेगळ्या वस्तू जिथं मिळतात तिथं शंभरातल्या नव्वद वेळा हालचाल असते. चौकट आणि गिलावा, अॅल्युमिनियमची खिडकी आणि भिंत, खिडकीखालचा ग्रॅनाईट किंवा कडाप्पा आणि भिंत, फर्निचरचं कपाट भिंतीला टेकतं ती उभी कड. दाराच्या चौकटीला बोट लावून दुसऱ्याला दार जोरात आपटायला सांगा, बोटाला धक्का जाणवला की समजून जा. वडगाव, शहापूरकडं ज्यांच्या घरात कापडाचे माग चालू आहेत त्यांना हे सांगायला नको, दिवसभर भिंतीला हादरे बसत असतात, तिथं चौकटीला लांबी भरणं म्हणजे दरवर्षी तेच काम.

आता भेगा. सगळ्या भेगा पेंटरच्या नसतात हे आधी डोक्यात घ्या. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर लांबीच्या दोन हातात जातात. कॉलम आणि विटेच्या बांधकामाच्या मधोमध उभी सरळ भेग असेल तर गिलावा करताना तिथं जाळी मारलेली नसावी, मग ती भेग पत्र्याच्या टोकानं व्ही आकारात थोडी खोलवर उकरून, झाडून, क्रॅक फिलर भरून वर फायबरची जाळीची पट्टी चिकटवून मग लांबी ओढायची, नुसती वरवर लांबी टिकत नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, किंवा विटेच्या थरांवरून पायऱ्या पायऱ्यांनी उतरलेली भेग दिसली तर हात लावू नका. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीवरच्या घरांना हे हमखास होतं, ती जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहून ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. भेग खुणेच्या पुढं गेली किंवा रुंद झाली तर इंजिनिअरला बोलवा, रंगाचे पैसे तोवर बँकेत राहू देत.

ओलीचंही तसंच. आतून फट बुजवली म्हणून पाणी यायचं थांबत नाही, ते बाहेरून येत असतंय, आत अडकलं की रंगाचे पोपडे काढत दुसरीकडून बाहेर पडतं. पावसाचा मारा आपल्याकडं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून असतो, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका, म्हणून आधी त्या बाजूची भिंत बाहेरून बघा, खिडकीच्या वरची आणि बाजूची कड, छज्जा भिंतीला मिळतो तो कोपरा, पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, खालची रेघ. बाहेरचं पहिलं, आतलं नंतर. भिंत वाळली की नाही याची शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा, आतल्या बाजूला घाम आला असेल तर अजून थांबा. गणपतीच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई असते, मान्य, पण त्या दिवसात आतल्या कोरड्या भिंतींपुरतंच काम घ्या. चौकटीच्या फटी भरायला दिवाळी ते शिमगा हा काळ सगळ्यात बरा, लाकूड तेव्हा फार फुगलेलंही नसतं आणि फार आकसलेलंही नसतं.

आणि काही भोकं भरायचीच नसतात. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं बारीक चिरा ठेवलेल्या असतात, त्या पाणी बाहेर जायला असतात. हौशी माणूस त्या पण बुजवून टाकतो आणि मग ट्रॅकमध्ये तळं साचून पाणी हॉलमध्ये.

सामान आणताना एक घोळ नेहमी होतो. आपण दुकानात जाऊन "सिलिकॉन द्या ओ" म्हणतो आणि तो सिलिकॉनच देतो, त्याची चूक नाही. सिलिकॉनवर रंग धरत नाही, ब्रश फिरवला की रंग थेंबाथेंबानं मागं सरकतो. तेव्हा दुकानदार अण्णांना स्पष्ट सांगायचं की रंग मारता येणारं अॅक्रिलिक पाहिजे, आणि नळीवर पेंटेबल असं लिहिलेलं स्वतः वाचून घ्यायचं. सिलिकॉन बाथरूमला, बेसिनच्या कडेला, टाईल्सच्या कोपऱ्यात वापरा, तिथं तेच चांगलं, पण रंगाच्या भिंतीवर त्याचा हात सुद्धा लागू देऊ नका. एम-सील पाईपला ठीक, चौकटीच्या फटीला नको, ते तर लांबीपेक्षा कडक होतं. सोबत नळी दाबून माल काढायची एक गन, मास्किंग टेप, कटर, स्पंज आणि फट मोठी असेल तर फोमची गोल दोरी, दुकानात बॅकर रॉड म्हणून मिळते.

नळ्या किती लागतील? साधारण ३०० मिलिची नळी असते. फट ५ मिमी रुंद आणि ५ मिमी खोल धरली तर हिशोबानं १२ मीटर जाते, सांडलवंड धरून १० म्हणा. सात बाय तीनच्या दाराला तिन्ही बाजू मिळून १७ फूट, म्हणजे ५ मीटरच्या आसपास, आतून बाहेरून दोन्हीकडं भरलं की एका दाराला एक नळी संपली. फटी ३ मिमीच्या असतील तर तीच नळी अडीच-तीन दारांना पुरते.

भरायच्या आधी जुनं सगळं कटरनं काढा, सुटलेली लांबी, जुनं सीलंट, डिस्टेंपरची भुकटी, सगळं. चुना किंवा डिस्टेंपर बोटाला लागत असेल तर त्याच्यावर सीलंट चिकटतं म्हणजे त्या भुकटीलाच चिकटतं आणि सालपटासारखं निघून येतं. चौकट टोकरून पण बघा, आवाज पोकळ आला किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर आधी वाळवीचा बंदोबस्त. बोटभर रुंद फट असेल तर खाली फोमची दोरी कोंबायची, सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी राहील अशी. दोरीमुळं माल वाचतो हे आहेच, पण खरं कारण वेगळं आहे, सीलंटनं फक्त दोन बाजू धरायला पाहिजेत, तळाला पण चिकटलं तर ते ताणलं जात नाही, फाटतं. लोक जुना पेपर कोंबतात, तो ओल धरतो, नको.

क्रम असा ठेवा: खरवडणं, लांबी, घासणं, धूळ झाडणं, प्रायमर, मग सीलंट, मग रंगाचे दोन हात. बरेच पेंटर सीलंट आधी भरून वर लांबी ओढतात, मग घासताना सगळी भुकटी ओल्या सीलंटमध्ये जाऊन बसते आणि वरची लांबी तडकते ती वेगळीच.

आता गन. नोझल तिरकं कापायचं, ४५ अंशात, आणि भोक फटीपेक्षा थोडं बारीकच ठेवायचं, मोठं करता येतं, लहान करता येत नाही. गन तिरकी धरून टोक फटीत टेकवायचं आणि एका वेगानं ओढत जायचं, थांबलं की तिथं गोळा होतो. हातभर अंतर झालं की मागची पत्ती दाबून दाब सोडायचा, नाहीतर गन बाजूला ठेवली तरी माल येतच राहतो आणि तुमच्या फरशीचं कल्याण होतं. मग लगेच बोट पाण्यात बुडवून एका ओढीत रेघ फिरवायची, जास्तीचं कडेला येतं ते ओल्या स्पंजनं पुसून घ्यायचं. एका ओढीत म्हणजे एकाच, परत परत बोट फिरवलं की वरची साय फाटते आणि रेघ खरबरीत होते. म्हणूनच आख्खं दार एकदम भरायचं नाही, हातभर भरा, पुसा, पुढं चला. टेप लावली असेल तर ओलं असतानाच काढा, वाळल्यावर काढली की सीलंटची कड पण सोबत येते. अॅक्रिलिक वाळताना थोडं बसतं, दुसऱ्या दिवशी खळगी दिसली तर वरून एक बारीक हात द्या.

रंग कधी मारायचा ते नळीवर लिहिलेलं असतं, ढगाळ हवेत त्याच्यापेक्षा जास्तच थांबा. वरून हाताला कोरडं लागतं पण आत ओलं असतं, त्याच्यावर रंग चढवला की रंगालाच भेगा पडतात. चौकटीला ऑईल पेंट मारणार असाल तर तो लाकडाच्या कडेलाच थांबवा आणि सीलंटवर भिंतीचा इमल्शन येऊ द्या, ऑईल पेंट कडक असतो, सीलंट ताणलं की तो फाटतो.

जुन्या मातीच्या भिंतींच्या घराला यातलं बरंचसं लागू नाही, तिथं माती आणि चुन्यानंच भेगा भराव्यात, त्या भिंतीला श्वास लागतो. स्विचबोर्डाच्या कडेची फट भरायची असेल तर मेन स्विच बंद करून भरा, आणि झाकणाच्या स्क्रूवर माल जाऊ देऊ नका.

उरलेल्या नळीच्या तोंडात मोठा खिळा घालून वरून टेप गुंडाळून ठेवली तर काही आठवडे चालते, पुढच्या वर्षीसाठी मात्र ठेवू नका, आत वाळून खडा होतो आणि जोर लावला की नळीच मागून फुटते.