जर्मनीत नवीन येताय? आधी भाड्याचं गणित समजून घ्या

जाहिरातीत काल्टमीटे बघून लगेच खूश होऊ नका, ते नुसतं जागेचं भाडं, हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून जे होतं ते वार्ममीटे, आणि लाईट बिल नि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही वर, त्यामुळे बजेट त्या हिशोबानेच लावायचं. डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांचं काल्टमीटे, ते ३ हप्त्यांत देता येतं, कायद्यातच आहे, पण घरमालक स्वतःहून सांगेलच असं नाही. किचन आहे का तेही विचारा, बऱ्याच घरांत ओटा सोडा, सिंकपण नसतं!

शिफ्ट झालात की २ आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, आणि मोठ्या शहरात अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही म्हणून आधीपासूनच बघत राहा. मग रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी भरायची, पण घरटी एकच, सो रूममेट्समध्ये वाटून घ्या.

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या फेकू नका हां, एकीचे २५ सेंट सुपरमार्केटच्या मशीनमध्ये परत मिळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा.